पेशी काढण्याआधीचे पंधरा दिवस

प्रश्न : माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. तासगावजवळच्या एका गावात आमची द्राक्षबाग आहे. दीड वर्षापूर्वी बाबांना डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला. आर-चॉप या केमोच्या सहा सायकल झाल्या, स्कॅन स्वच्छ आला, आणि आठ महिन्यांत मानेत पुन्हा गाठ आली. मग दुसरी केमो दिली, ती लागू पडली नाही. आता मुंबईच्या डॉक्टरांनी कार-टी सांगितलंय, म्हणजे बाबांच्याच प्रतिकारक पेशी काढून, लॅबमध्ये बदलून परत देणार. पेशी काढायची तारीख पंधरा दिवसांनंतरची आहे. गाठ वाढतेय म्हणून इथले डॉक्टर म्हणतात, तोवर बेंडामस्टीन या केमोची एक सायकल देऊन टाकू. सध्या बाबा रोज प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतात, त्यानं गाठ जरा दबते. त्यातच एका नातेवाइकांनी एका क्लिनिकचा पत्ता दिला. तिथं म्हणे केमो न देता रक्तातल्या प्रतिकारक पेशी लॅबमध्ये वाढवून परत टोचतात. सहा इंजेक्शनं, साडेतीन लाख.

मला कळत नाही ते एवढं : लॅबमध्ये नेमकं काय करतात आणि त्याला इतके दिवस का लागतात? पेशी वाढल्याच नाहीत तर? यात एचआयव्हीचा विषाणू वापरतात हे खरं का? आणि माझा ३२ वर्षांचा भाऊ धडधाकट आहे, त्याच्या पेशी का चालत नाहीत?
— एक मुलगी, सांगली जिल्हा

उत्तर : बाकीचं सावकाश वाचा, पण बेंडामस्टीनचं आजच बघा. ते सलाईन लागण्याआधी मुंबईच्या कार-टी टीमला फोन करा आणि इथल्या डॉक्टरांशी त्यांचं थेट बोलणं करून द्या. तुमच्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच आहे, गाठ वाढताना हातावर हात ठेवून बसवत नाही. पण बेंडामस्टीन टी पेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून कार-टी बनवतात त्या प्रतिकारक पांढऱ्या पेशींना, फार जोरात मारतं आणि त्या पुन्हा भरून यायला कित्येक महिने लागतात. पेशी काढण्याआधीच्या नऊ महिन्यांत हे औषध घेतलेल्या लिम्फोमाच्या रुग्णांमध्ये कार-टीचा परिणाम कमी दिसला आहे. म्हणून शक्य असेल तिथं पेशी आधी काढतात आणि गाठ आवरायची केमो नंतर देतात. पेशी एकदा पिशवीत सुरक्षित गेल्या की डॉक्टरांचे हात बरेच मोकळे होतात.

तुम्ही शेतकरी घरातल्या आहात, म्हणून त्या भाषेत सांगतो. हळदीचं बेणं किडकं असेल तर खत-पाणी कितीही द्या, पीक तेवढंच येतं. इथं बेणं म्हणजे बाबांच्या स्वतःच्या टी पेशी. लॅब त्यांची संख्या वाढवू शकते, थकलेल्या पेशीला तरणी करू शकत नाही. हे बेणं सांभाळायची वेळ आत्ताची आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे.

मग तोवर गाठीचं काय? मानेतल्या एका जागेची गाठ असेल तर काही वेळा तेवढ्यापुरतं रेडिएशन देता येतं. नाहीतर टी पेशींना कमी धक्का देणारं दुसरं औषध देतात, किंवा पेशी काढायची तारीखच अलीकडे आणतात. यातलं काय जमेल ते टीम ठरवेल, पण तारीख अलीकडे घेता येईल का हे तुम्ही जरूर विचारा. विचारल्यावर पुष्कळदा जमतं.

प्रेडनिसोलोनचंही तसंच आहे. स्टिरॉइडनं लिम्फोमाच्या पेशी मरतात, पण चांगल्या टी पेशीही रक्तातून कमी होतात. पेशी काढण्याआधी शक्यतो ७ दिवस, निदान ३ दिवस तरी ते बंद असावं लागतं. मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. बरेच दिवस रोज घेतलेलं स्टिरॉइड अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. कोणत्या दिवशी किती मिलिग्रॅमवर यायचं हे टीमकडून लिहून घ्या. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही सांगा, विशेषतः एकदाच देतात ते लांब परिणामाचं. त्यानं रक्तात ग्रॅन्युलोसाइट्स या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते, त्या टी पेशींबरोबर पिशवीत येतात आणि पुढं लॅबमध्ये अडथळा करतात. एक वही करा. गेल्या वर्षभरात कुठलं औषध कुठल्या तारखेला दिलं ते सगळं तिच्यात उतरवा. डिस्चार्ज कार्डांच्या गठ्ठ्यापेक्षा टीमला ही वही जास्त उपयोगी पडेल.

पेशी काढण्याच्या दिवशी तीन आकडे बघतात : हिमोग्लोबिन साधारण ८ च्या वर, प्लेटलेट ३० हजारांच्या वर, आणि लिम्फोसाइट्स (टी पेशी ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशी). शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. एक मायक्रोलिटर रक्तात टी पेशी दीडशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतील तर एका दिवसात पुरेशा पेशी मिळायची शक्यता चांगली. त्याहून कमी असतील तर दुसऱ्या दिवशीही मशीनवर बसावं लागतं किंवा तारीख पुढं जाते. रक्त द्यायचं असेल तर ते इरॅडिएट केलेलंच (किरणांनी दात्याच्या लिम्फोसाइट्स निकामी केलेलं) द्या, असं आत्तापासूनच प्रत्येक ठिकाणी सांगत चला. त्याकडे शेवटी पुन्हा येतो.

पेशी काढायची पद्धत म्हणजे अफेरेसिस. प्लेटलेट देताना बघितलं असेल, तेच मशीन. एका नसेतून रक्त येतं, मशीनमध्ये गरगर फिरून वजनाप्रमाणे त्याचे थर होतात, पांढऱ्या पेशींचा पातळ थर वेगळा काढतात आणि बाकीचं रक्त दुसऱ्या नसेतून परत जातं. शरीरातलं रक्त साधारण ५ लिटर. ते दोन-अडीच वेळा मशीनमधून जातं, म्हणजे १० ते १२ लिटर, आणि त्याला तीन ते पाच तास लागतात. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. बाबा सोसणाऱ्यांतले असतील तर त्यांना आधीच बजावून ठेवा : मुंग्या आल्या की लगेच सांगायचं. सिस्टर वेग कमी करतात, कॅल्शियम देतात, थांबतं. न सांगता सहन केलं तर हातापायांत गोळे येतात आणि काम अर्धवट राहतं. केमोनं हाताच्या नसा खराब झालेल्या असतात, म्हणून नसा दोन-तीन दिवस आधी दाखवून घ्या. नस मिळणार नसेल तर मानेत किंवा जांघेत डायलिसिससारखी दोन तोंडांची नळी घालतात. आयत्या वेळी हे कळलं की अख्खा दिवस वाया जातो.

आता लॅबमध्ये काय होतं ते. पिशवी पोचली की आधी नाव, क्रमांक, वेळ, तापमान, सगळं दोन माणसं स्वतंत्रपणे तपासतात. या औषधाचा एक डोस म्हणजे एकच माणूस. पिशव्यांची अदलाबदल झाली तर ती चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून शेवटपर्यंत प्रत्येक पायरीला हीच तपासणी पुन्हा होते. त्यानंतर पेशी धुऊन, चुंबकी कणांच्या मदतीनं त्यातल्या टी पेशी वेगळ्या काढतात. हे नीट होणं किती गरजेचं आहे ते अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या बाबतीत दिसलं आणि २०१८ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पिशवीत ल्युकेमियाची एकच पेशी मागं राहिली होती आणि नव्या जनुकाची सूचना चुकून तिच्यातही शिरली. त्यामुळे तिच्या अंगावरची खूण झाकली गेली, कार-टी पेशींना ती ओळखू आली नाही, आणि तीच वाढून आजार परत आला. असं फार क्वचित होतं. पण लॅब शुद्धतेसाठी इतका वेळ का घेते ते यावरून कळेल.

मग टी पेशींना जागं करतात. शरीरात टी पेशी बहुतेक वेळ निवांत असते. सीडी३ आणि सीडी२८ या तिच्या दोन कळा एकदम दाबल्या की ती कामाला लागते. लॅबमध्ये या कळा दाबणारे बारीक मणी किंवा तसाच जेलसारखा पदार्थ पेशींबरोबर ठेवतात. जोडीला आयएल-२, किंवा आयएल-७ आणि आयएल-१५ ही वाढीची प्रथिनं. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर फरक उघड्या डोळ्यांना कळावा इतका असतो. आधी पेशी छोट्या, गोल, एकट्या-एकट्या. आता फुगून मोठ्या झालेल्या आणि एकमेकींना चिकटून घड धरलेल्या, तुमच्या बागेत मणी धरू लागलेल्या घडासारख्या. घड धरले नाहीत तर लॅबच्या लोकांना तिथंच धडकी भरते, कारण न जागलेल्या पेशीत जनुक नीट शिरत नाही.

जनुक शिरवायचं काम साधारण पहिल्या-दुसऱ्या दिवशी होतं, आणि तुमचा एचआयव्हीचा प्रश्न इथला. हो, पुष्कळ कार-टी औषधांत लेंटिव्हायरस वापरतात आणि तो एचआयव्हीच्याच सांगाड्यावर बेतलेला असतो. पण त्यातली आजार करणारी आणि स्वतःच्या प्रती काढणारी जनुकं काढून टाकलेली असतात. तो पेशीत एकदा शिरतो, आपला मजकूर तिच्या डीएनएमध्ये ठेवतो आणि संपतो. पुढं पसरत नाही. पसरणारा विषाणू चुकून तयार झाला नाही ना, याची वेगळी तपासणी होते. बाबांना यातून एचआयव्ही होणार नाही. पण एक गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेवा : या उपचारानंतर एचआयव्हीची काही न्यूक्लिक अ‍ॅसिड चाचणी, म्हणजे पीसीआर पद्धतीची, खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. उद्या दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी ती केली आणि पॉझिटिव्ह आली तर घरावर आभाळ कोसळेल. कार-टी झाल्याचं कार्ड बाबांच्या पाकिटात ठेवा आणि अशा वेळी अँटिबॉडीची चाचणी करून घ्या.

तो मजकूर असतो एका नव्या रिसेप्टरचा. कार हे त्याच्याच नावाचं लघुरूप : कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर. पेशीबाहेरचा भाग अँटिबॉडीपासून बनवलेला, तो बी पेशींवरची (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवरची) सीडी१९ नावाची खूण पकडतो. पेशीच्या आतला भाग टी पेशीला ‘मार’ आणि ‘वाढत राहा’ अशा दोन आज्ञा देतो. लिम्फोमाच्या पेशी मुळात बी पेशीच, त्यामुळे खूण त्यांच्यावरही असते. चांगल्या बी पेशीही मरतात, पण त्यांच्याशिवाय माणूस जगू शकतो. फुफ्फुस किंवा आतड्याच्या कॅन्सरवर अशी सोयीची खूण सापडलेली नाही. जी आहे ती थोडीफार चांगल्या अवयवावरही असते. म्हणून कार-टी आज मुख्यतः रक्ताच्या कॅन्सरपुरतं आहे. त्वचेच्या मेलानोमासाठी दुसरा मार्ग आहे. गाठीचाच तुकडा काढून, त्यात शिरलेल्या टी पेशी वाढवून परत देतात. अशा औषधाला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ते तंत्र वेगळं, तुमच्या आजाराला लागू नाही.

यानंतरचे सात ते दहा दिवस निव्वळ वाढीचे. पेशी साधारण दिवसाला दुप्पट होतात, म्हणून रोज मोजायच्या आणि नवं पोषणद्रव्य घालून एका मिलिलिटरला पाच ते दहा लाखांच्या आसपास ठेवायच्या. गर्दी फार झाली की लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं, द्रव आंबट होतो, पेशी मरायला लागतात. फार विरळ ठेवल्या तर एकमेकींचे इशारे मिळत नाहीत आणि वाढ अडते. लागतात किती? एका प्रचलित औषधाचा डोस किलोमागं २० लाख कार-टी पेशी. ७० किलोच्या माणसाला १४ कोटी. अफेरेसिसमधून चांगल्या रुग्णाच्या शंभर-दोनशे कोटी टी पेशी मिळतात. तेव्हा तुम्हाला वाटेल की इतक्या असताना वाढवायच्या कशाला? तर जनुक सगळ्यांत शिरत नाही, धुण्यात आणि गोठवण्यात काही जातात, आणि तपासण्यांनाही पेशी द्याव्या लागतात. उलट, जास्त दिवस वाढवत राहणं नुकसानीचंच. बाहेर फार विभागलेली पेशी शरीरात गेल्यावर लवकर दमते. लॅबचा सगळा कस या दोन टोकांच्या मधला दिवस गाठण्यात लागतो.

दहा-बारा दिवसांत पेशी तयार झाल्या तरी हातात मिळायला तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्त. हा उरलेला वेळ मुख्यतः तपासणीचा. जिवंत पेशी निदान ७० टक्के हव्यात. किती टक्के पेशींवर कार आहे, प्रत्येक पेशीत जनुकाच्या सरासरी किती प्रती गेल्या (पाचाच्या खाली हव्यात), बॅक्टेरियाचं विष, मायकोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म जंतू, आणि सीडी१९ समोर आल्यावर या पेशी खरंच कामाला लागतात का. बॅक्टेरिया-बुरशी नाही हे पारंपरिक पद्धतीनं बघायला १४ दिवस लागतात, नव्या जलद पद्धतीनं कमी. तोवर पेशी दर मिनिटाला एक अंश अशा संथ गतीनं गोठवून द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० अंशांच्या खाली ठेवतात. लॅबला फोन करून घाई केल्यानं यातलं काहीही लवकर होत नाही.

पेशी वाढल्याच नाहीत तर? असं होतं, थोड्याच रुग्णांत, पण होतं. कारणं बहुतेक वेळा तीच : सुरुवातीलाच टी पेशी कमी, किंवा बऱ्याच केमोनं दमलेल्या, किंवा पिशवीत मोनोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची भेसळ जास्त. जंतुसंसर्ग झाला तर अख्खी बॅच टाकून द्यावी लागते. काही वेळा पेशी तयार होतात पण एखादा निकष थोडक्यात हुकतो, समजा जिवंत पेशी ७० ऐवजी ६४ टक्के. तेव्हा डॉक्टर, कंपनी आणि रुग्ण मिळून ठरवतात की त्या वापरायच्या की पुन्हा पेशी काढायच्या. म्हणून पैसे भरण्याआधी हे लेखी घ्या : बॅच फसली तर दुसऱ्या वेळचा खर्च कुणाचा? निकष हुकलेल्या पेशींचं काय करणार? सांगितलेल्या किमतीत अफेरेसिस, मधल्या काळातली केमो, वॉर्ड, आयसीयू, टोसिलिझुमॅब (पेशी दिल्यावरची तीव्र प्रतिक्रिया आवरायचं औषध), नंतरचं इम्युनोग्लोबुलिन (संसर्गाशी लढणाऱ्या अँटिबॉडी) यातलं काय धरलंय आणि काय नाही? पेशींची किंमत आणि उपचाराची किंमत यांत लाखोंचं अंतर असतं. घरं कर्जात जातात ती या न विचारलेल्या अंतरानं.

किमतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०१७ मध्ये अमेरिकेत पहिलं कार-टी आलं तेव्हा नुसत्या पेशींची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. आपल्याकडे आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांनी मिळून नेक्सकार१९ हे कार-टी बनवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रक संस्थेची, मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते ते सुरू झालं, आणि परदेशी किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उपलब्ध झालं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत ६४ रुग्ण होते आणि ज्यांच्यात परिणाम मोजता आला त्यांतल्या सुमारे ७३ टक्के जणांत आजारानं प्रतिसाद दिला. त्याच वर्षी बेंगळुरूच्या इम्युनील कंपनीचं कार्टेमी हे कार-टीही आलं. पण ‘प्रतिसाद’ म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे. तुमच्या बाबांच्या प्रकारच्या लिम्फोमात परदेशी औषधाचा पाच वर्षांचा अनुभव आहे, त्यात दहापैकी चारएक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. दोन वेळा केमो हरल्यावर हा आकडा खरोखर मोठा आहे. तरी उरलेल्या सहांचं भान ठेवून घरात बोला. काहींत लिम्फोमा सीडी१९ची खूणच टाकून देतो, काहींत कार-टी पेशी लवकर विझतात.

आता ते क्लिनिक. ‘केमो लागत नाही’ हे ते भूषण म्हणून सांगतात, तिथंच खरी गोम आहे. कार-टीच्या आधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमो देतात, त्याचा उद्देश गाठ मारणं हा मुख्य नसतोच. जुने लिम्फोसाइट्स हटवून जागा करायची असते, म्हणजे आयएल-७ आणि आयएल-१५ हे खाद्य नव्या पेशींना मिळतं. जागा न करता सोडलेल्या पेशी शरीरात फारशा वाढत नाहीत. शिवाय त्या क्लिनिकच्या पेशींना सीडी१९ ओळखायचे डोळे कुणी बसवलेलेच नाहीत. नुसती संख्या वाढवून लिम्फोमा हटत असता तर तो झालाच नसता. चीनमध्ये २०१६ साली वेई झेशी या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. इंटरनेटवर शोधून त्याच्या घरच्यांनी अशाच ‘प्रतिकारक पेशी’ उपचारावर उसनवारीचे पैसे घातले होते. त्यावर देशभर संताप झाला आणि सरकारनं असे उपचार थांबवले. तुमच्या नातेवाइकांना वाईट वाटू न देता क्लिनिकला तीन गोष्टी विचारायला सांगा : सीडीएससीओची या उत्पादनासाठीची परवानगी दाखवा, प्रयोग असेल तर सीटीआरआयचा (वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक द्या, आणि मग पैसे का घेताय तेही सांगा. नोंदणीकृत चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. एक नुकसान पैशाहून मोठं आहे. त्या सहा इंजेक्शनांत जे दोन महिने जातील, ते बाबांकडे नाहीत.

पेशी परत देण्याचा दिवस अगदी साधा दिसतो. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात धरतात, बर्फाचा शेवटचा खडा विरत आला की काढतात, आणि अर्ध्या तासाच्या आत शिरेतून देतात. त्या नळीत पांढऱ्या पेशी अडवणारं फिल्टर चुकूनही असता कामा नये, नाहीतर औषधच फिल्टरमध्ये राहील. गोठवण्याच्या रसायनामुळे बाबांच्या श्वासाला दिवसभर लसणासारखा वास येईल, घाबरू नका. खरी परीक्षा पुढचे दोन आठवडे. ताप आला तर ती पेशी कामाला लागल्याची खूण असू शकते आणि जंतुसंसर्गाचीही. दोन्हींवर एकाच वेळी उपचार होतात. नव्या पेशी अंगात प्रतिकाराचं वादळ उठवू शकतात. त्यात रक्तदाब किंवा ऑक्सिजन घसरला तर टोसिलिझुमॅब, किलोमागं ८ मिलिग्रॅम. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी याच वादळात व्हेंटिलेटरवर होती. संधिवातासाठी बनलेल्या या औषधानं ती वाचली, आणि तेव्हापासून ते हाताशी असल्याशिवाय पेशी देत नाहीत. बाबांच्या नावानं दोन डोस फार्मसीत ठेवलेत ना, हे पेशी वितळवण्याआधी विचारा.

दुसरा त्रास मेंदूचा, आणि इथं डॉक्टरांपेक्षा तुम्ही जास्त उपयोगी आहात. रोज दहा गुणांची छोटी परीक्षा घेतात : साल, महिना, गाव, हॉस्पिटल, तीन वस्तूंची नावं, एक सूचना पाळणं, शंभरपासून दहा-दहानं उलटं मोजणं आणि एक वाक्य लिहिणं. सिस्टर मल्याळी असतील, डॉक्टर हिंदीत बोलतील. परीक्षा मराठीत घ्या असा आग्रह धरा. बाबा घरी ‘शंभर, नव्वद, ऐंशी’ असंच मोजतात, इंग्रजीत अडखळले तर उगाच गुण जातील, किंवा खरी अडचण भाषेच्या नावाखाली लपेल. वाक्य रोज तेच लिहून घ्या, समजा ‘यंदा बागेला पाणी कमी पडलं’, आणि त्याच वहीत एकाखाली एक. गुण उतरण्याआधी अक्षर बोलतं. शिरोरेघ तुटायला लागते, मात्रा सुटतात, ओळ खाली झुकते. असं दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी ड्युटी डॉक्टरांना उठवा.

घरी सोडल्यावरही पेशी दिल्याच्या दिवसापासून महिनाभर हॉस्पिटलपासून तासाभराच्या आत राहायचं. नवी मुंबईत किंवा मुंबईत खोलीची सोय आत्ताच बघा. हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी आधीच करून घ्या, दोन्ही नंतर डोकं वर काढतात. बी पेशी गेल्यानं इम्युनोग्लोबुलिन कमी होतं, डेसिलिटरमागं ४०० मिलिग्रॅमच्या खाली गेलं आणि संसर्ग वारंवार व्हायला लागले की ते शिरेतून द्यावं लागतं. बागेत औषधफवारणी चालू असताना, छाटणीच्या पाचोळ्यात, शेणखतात बाबांना काही महिने जाऊ देऊ नका. त्यांना हेच सगळ्यात जड जाईल.

भावाचं शेवटी सांगतो. त्याच्या पेशी तरुण आहेत, पण परक्या आहेत. त्या बाबांच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करतील, किंवा बाबांचं शरीर त्यांना आधीच हाकलून देईल. दात्याच्या पेशींतून हे टाळायचं संशोधन चालू आहे, बाबांच्या आजारासाठी आज वापरात आहेत त्या स्वतःच्याच पेशी. पण भावाला काम आहे. पेशी काढण्याआधीच्या आठवड्यापासून ते पेशी परत दिल्यानंतर निदान तीन महिन्यांपर्यंत बाबांना लागणारं प्रत्येक रक्त आणि प्लेटलेट इरॅडिएट केलेलं असायला हवं. सगळ्या रक्तपेढ्यांत ही सोय नसते. सांगली-मिरजेत आणि मुंबईत कुठं आहे, रात्री कोण उघडं ठेवतं, याची यादी त्याला करू द्या. रक्तही त्यानं द्यावं, पण थेट बाबांसाठी नको, पेढीला द्यावं. जवळच्या नात्यातलं रक्त इरॅडिएट न करता चढवलं तर जिवावर बेतू शकतं. शिवाय पुढं कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ आली तर दाता बहुधा तोच असेल, आणि त्याचं रक्त आधी चढलेलं असेल तर बाबांचं शरीर त्याच्याविरुद्ध तयार होऊन बसतं.